सुरुंग, कोठार आणि अंतर

कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही जोडगावे बेळगाव शहराच्या उत्तरेस, मार्कंडेय नदीच्या काठच्या शिवारात वसलेली आहेत. आणि तेथून दीड-दोन कोसांच्या आत बेळगावचा जो भुईकोट किल्ला आहे, त्याच्या तटाशी दक्षिणेच्या युद्धविद्येतील एक मोठे स्थित्यंतर घडून आलेले आहे. तटाच्या पायाखाली भुयार खणावयाचे, त्यात दारू ठासावयाची आणि ती पेटवून तटच उडवून द्यावयाचा, हा प्रकार दख्खनने प्रथम पाहिला तो इ. स. १४७३ मध्ये, बहमनी वजीर महमूद गावान याने बेळगावास घातलेल्या वेढ्यात, असे फिरिश्ता या तवारीखकाराने नमूद करून ठेवले आहे. त्या दिवसापासून स्फोटक द्रव्य आणि संरक्षित वास्तू यांच्यामध्ये जी स्पर्धा या मुलखात सुरू झाली, ती अद्याप संपलेली नाही.

किल्ला हे त्या काळच्या राज्याचे मर्मस्थान होते. खजिना, धान्याची कोठारे, पाण्याच्या विहिरी, दफ्तर आणि दारूखाना ही सर्व एका तटाच्या आत असत, आणि तो तट पडला म्हणजे आसपासच्या शेकडो गावांचा अंमल एका दिवसात बदलत असे. आज ही मर्मस्थाने एका तटात सामावत नाहीत. धरणे, पाणी उपसण्याची ठाणी, वीजकेंद्रे, रेल्वेचे पूल, खनिज तेलाची कोठारे, बंदरे, विमानतळ आणि दूरध्वनीची केंद्रे अशी ती देशभर पसरलेली असून त्यांपैकी कित्येक रोजच्या वहिवाटीतली असल्यामुळे डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत. बेळगावकरांच्या घरी नळाला येणाऱ्या पाण्याचा एक वाटा कंग्राळीच्या वरच्या अंगाला याच मार्कंडेयेवर बांधलेल्या राकसकोप जलाशयातून येतो, ही गोष्ट नळ कोरडा पडल्याखेरीज सहसा कोणाच्या मनात येत नाही.

अशा स्थळांचे स्फोटापासून रक्षण कसे करावे, हा प्रश्न निघाला की सामान्य माणसाच्या कल्पनेपुढे प्रथम उंच भिंत आणि बंदूकधारी पहारेकरी उभे राहतात. या दोन्हींचा उपयोग आहे, परंतु तो मर्यादित आहे. इतिहास आणि पदार्थविज्ञान या दोहोंची साक्ष काढली असता असे आढळते की, स्फोटापासून रक्षण करणारी मुख्य साधने चार आहेत: अंतर, विलगता, हिशेब आणि पर्याय. भिंतीच्या जाडीचा क्रम त्यांच्या मागून लागतो. या प्रकरणात या चार साधनांचा विचार करावयाचा आहे.

खंदक आणि सुरुंग

बेळगावचा किल्ला रट्टांच्या अमदानीत बिचिराजाने इ. स. १२०४ च्या सुमारास बांधला असे मानले जाते. भोवती पाण्याने भरलेला रुंद खंदक आणि आत भक्कम तट, अशी त्याची रचना होती. गावानने १४७२ मध्ये गोवा घेतल्यानंतर ते परत मिळविण्यासाठी विजयनगरच्या प्रेरणेने बेळगावच्या राजाने हालचाल केली. तेव्हा खुद्द सुलतान तिसरा मुहम्मद शाह वजिरासह बेळगावावर चालून आला. वेढा घालणाऱ्या फौजेने दिवसा माती आणि लाकूडफाटा टाकून खंदक बुजवावा आणि किल्ल्यातील लोकांनी रात्री तो पुन्हा मोकळा करावा, असा क्रम काही काळ चालला. या क्रमाचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. खंदक शत्रूला मारीत नव्हता. तो त्याला केवळ तटापासून दूर ठेवीत होता, आणि तो दूर आहे तोवर तटाला धोका नव्हता. म्हणूनच किल्लेकरी रात्रभर राबून ते अंतर राखीत होते.

गावानने हे ओळखले आणि खंदक बुजविण्याचा नाद सोडून सुरुंग खणण्याचा हुकूम केला. भुयारे तटाच्या पायाशी पोचली, त्यांत भरलेली दारू पेटविण्यात आली आणि तटाला भगदाडे पडली. भगदाडांतून शिरू पाहणाऱ्या बहमनी फौजेशी किल्लेकऱ्यांनी निकराची झुंज दिली, परंतु अखेर राजा शरण गेला आणि किल्ला बहमनींच्या हाती पडला. तटाची जाडी जी आदल्या दिवशी होती तीच त्या दिवशीही होती. बदलले होते ते एवढेच की, दारू आणि भिंत यांच्यामधील अंतर शून्यावर आले होते, आणि वरच्या मातीच्या भाराने कोंडलेल्या वायूला भिंत उचलण्यावाचून दुसरी वाट उरली नव्हती.

अंतराचे गणित

स्फोट म्हणजे अत्यल्प काळात झालेले अतिशय जलद ज्वलन किंवा विघटन होय. गंधक, सोरा आणि कोळसा यांच्या जुन्या काळ्या दारूचे ज्वलन वेगवान असले तरी ध्वनीच्या वेगापेक्षा मंद असते, आणि म्हणून ती कोंडली गेली तरच विध्वंस करते. टीएनटी किंवा आरडीएक्स यांसारख्या आधुनिक द्रव्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यातून स्फोटाची लाट सेकंदाला सहा-सात, प्रसंगी आठ किलोमीटरांहून अधिक वेगाने धावते, आणि तिला कोंडण्याची गरज लागत नाही. या लाटेने सभोवतालची हवा एकाएकी दाबली जाते आणि त्या दाबाची भिंतच जणू ध्वनीपेक्षा अधिक वेगाने चहूकडे पसरते. तिलाच आघाततरंग म्हणतात. तिच्या पाठोपाठ क्षणभर दाब नेहमीपेक्षाही खाली जातो, आणि त्यामुळे पुढे ढकललेल्या भिंतीला व खिडक्यांना उलट दिशेनेही हिसका बसतो.

हा तरंग पसरत जातो तसतसा झपाट्याने क्षीण होतो, ही निसर्गाने मनुष्यावर केलेली मोठी कृपा म्हटली पाहिजे. इंग्लंडमध्ये हॉपकिन्सन याने १९१५ मध्ये आणि जर्मनीत क्रांझ याने त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी स्वतंत्रपणे जो नियम मांडला, तो आजही या शास्त्राचा पाया आहे. त्याचा आशय असा की, दोन स्फोटांचा परिणाम सारखा व्हावयाचा तर त्यांची अंतरे द्रव्याच्या वजनांच्या घनमुळांच्या प्रमाणात असली पाहिजेत. याचा व्यवहारातील अर्थ फार मोलाचा आहे. एखादी वास्तू अमुक अंतरावरील अमुक वजनाच्या स्फोटात टिकत असेल, तर ते अंतर दुप्पट केल्यास आठपट द्रव्याच्या स्फोटातही तिच्यावर येणारा कमाल दाब तेवढाच राहील. भिंत दुप्पट जाड करून असा आठपटीचा लाभ मिळत नाही. इमारतीसमोर मोटारी थांबू न देणे, फाटक इमारतीला लागून न ठेवता दूर बाहेर काढणे, वाटेत जमिनीत रोवलेले भक्कम खांब उभे करणे, वाहनाची तपासणी इमारतीच्या दारात न करता दूरच्या नाक्यावर करणे, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या तजविजींमागे हेच घनमुळाचे गणित आहे.

अंतर राखूनही जी इजा होते, तिच्यातील मोठा वाटा काचेचा असतो. वातावरणाच्या नित्य दाबाच्या काही शतांश एवढी वाढ झाली तरी साधी तावदाने फुटतात. कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी माँ-ब्लाँ या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाला टक्कर होऊन आग लागली, तेव्हा शहरातील असंख्य लोक आपापल्या खिडक्यांशी उभे राहून ती आग पाहत होते. काही मिनिटांनी जहाज उडाले, सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि शेकडोंच्या डोळ्यांना काचेच्या तुकड्यांनी कायमची इजा झाली. दूरवर मोठी आग किंवा धुराचा लोट दिसला असता खिडकीशी जाऊ नये, उलट काचेपासून दूर, आतल्या भिंतीआड जावे, हा धडा त्या शहराने फार मोठी किंमत देऊन जगाला दिला आहे.

स्वतःचेच कोठार

बेळगावच्या किल्ल्याला १८१८ मध्ये पुन्हा एकदा वेढा पडला. पेशवाई कोसळत असताना इंग्रज सेनापती थॉमस मन्रो मार्च महिन्यात बेळगावापुढे येऊन उतरला. एप्रिलच्या १० तारखेस किल्ला त्याच्या स्वाधीन झाला. या तीन आठवड्यांतील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. एका मशिदीजवळ इंग्रजांनी उभारलेल्या मोर्चातील त्यांचाच दारूखाना अकस्मात उडाला, आणि ती संधी साधून किल्ल्यातील शिबंदीने बाहेर पडून त्या मोर्चावर हल्ला केला, तो मात्र परतवला गेला. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्याच तटाशी आक्रमकाच्या दारूने रक्षकांचा तट उडविला होता. या खेपेस आक्रमकाच्या दारूने आक्रमकालाच तडाखा दिला. स्फोटक द्रव्याला धनी ओळखता येत नाही. ते बाळगणाऱ्याला त्यापासून असलेला धोका हा शत्रूला असलेल्या धोक्याहून कमी नसतो, आणि सलोख्याच्या काळात तर तोच अधिक असतो.

याचे सर्वांत भयंकर उदाहरण आपल्याकडे मुंबईत घडले. कॅनडात बांधलेले फोर्ट स्टिकिन हे मालवाहू जहाज इंग्लंडातील बर्कनहेडहून कराचीमार्गे १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. कराचीत रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड आणि भंगार लोखंड असा माल भरण्यात आला होता. सोन्याच्या विटांच्या पेट्याही त्यावर होत्या. अशा जहाजाने धोक्याचे लाल निशाण लावावे आणि दारूगोळा गोदीबाहेर, दूर पाण्यातच पडावांत उतरवून घ्यावा, ही शांततेच्या काळातील वहिवाट होती. युद्धाच्या निकडीत ती बाजूला ठेवण्यात आली होती. १४ एप्रिलला दुपारी जहाजाच्या एका कप्प्यातील कापूस धुमसू लागल्याचे दिसले. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी आत ओतले, पण आगीचे मूळ सापडेना आणि आत साठलेले पाणी उकळू लागले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहूनही मोठा. दहा-बारा किलोमीटरांवरील तावदाने फुटली, दूर सिमल्याच्या भूकंपमापकाने धक्का टिपला, शेजारची कित्येक जहाजे बुडाली, जळत्या कापसाच्या गासड्या शहरावर पडून वस्त्या पेटल्या. शेकडो लोक प्राणास मुकले. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

या दुर्घटनेत शत्रूचा हात नव्हता. पेट घेणारा माल आणि फुटणारा माल एकाच पोटात ठेवला गेला, आणि ते पोट शहराच्या पोटात आणून सोडले गेले. हॅलिफॅक्सचा अनुभव सव्वीस वर्षांपूर्वीचा होता, तो ग्रंथांत नोंदलेला होता, आणि तरीही निकडीच्या नावाखाली तो विसरला गेला. विलगता हे संरक्षणाचे दुसरे साधन होय. स्फोटक द्रव्ये आणि ती पेटविणाऱ्या टोप्या एका कोठारात ठेवावयाच्या नाहीत. एका कोठारात ठराविक वजनापलीकडे साठा करावयाचा नाही. दोन कोठारांमध्ये, तसेच कोठार आणि वस्ती, रस्ता किंवा लोहमार्ग यांच्यामध्ये साठ्याच्या प्रमाणात अंतर सोडावयाचे. आणि मध्ये मातीचा बांध घालून एकाचा तडाखा दुसऱ्यापर्यंत पोचू द्यावयाचा नाही, हे जगभरच्या दारूगोळा कोठारांचे मूळ नियम आहेत. एक कोठार उडाले तर हानी होते. एकामागून एक सर्व कोठारे उडाली तर अनर्थ होतो, आणि या दोहोंमधील भेद मोकळ्या सोडलेल्या जमिनीने ठरतो.

परवाना, वही आणि नाका

आपल्या देशात या नियमांना कायद्याचे रूप १८८४ च्या स्फोटक अधिनियमाने मिळाले. उत्पादन, साठा, वाहतूक आणि विक्री यांच्यासाठी परवाना असलाच पाहिजे, हे त्याचे सूत्र. आणि घातपातासाठी स्फोटके बाळगणाऱ्यास वा वापरणाऱ्यास शिक्षा देण्यासाठी १९०८ चा स्वतंत्र स्फोटक पदार्थ अधिनियम आहे. परवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याची मुख्य कचेरी नागपुरास असून विहिरीसाठी सुरुंग लावणाऱ्या लहान ठेकेदारापासून मोठमोठ्या तेलसाठ्यांपर्यंत सर्वांची तपासणी त्याच्या अखत्यारीत येते. खत म्हणून ठाऊक असलेले अमोनियम नायट्रेट हेही विपुल साठ्यात घातक ठरते, म्हणून त्यासाठी २०१२ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले.

ही व्यवस्था ज्या वहीवर उभी आहे, ती वही रोज लिहिली जाते की नाही, यावर बाकीच्या सर्व तटबंदीची किंमत ठरते. कर्नाटकातच २१ जानेवारी २०२१ च्या रात्री शिवमोग्ग्याजवळ हुणसोडू येथे दगडखाणीसाठी आणलेली स्फोटके घेऊन आलेले वाहन उडाले आणि त्याचा हादरा शेजारच्या जिल्ह्यांतही जाणवला. त्यानंतर सुमारे महिन्याभराने चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात हिरेनागवल्ली येथे खाणीच्याच बेकायदा साठ्याची विल्हेवाट लावताना तसाच स्फोट झाला. दोन्ही ठिकाणी कामगारांचे बळी गेले. खाणीवरच्या एखाद्या पेटीतील जिलेटिनच्या कांड्यांचा हिशेब जुळत नाही, ही बाब कारकुनाला क्षुल्लक वाटते. परंतु ती कांडी ज्या वाटेने वहीबाहेर जाते, तिच्या दुसऱ्या टोकाला एखादा पूल किंवा एखादे वीजकेंद्र असू शकते.

वही असूनही अंमल नसेल तर काय होते, हे बैरूत बंदराने दाखवून दिले. तेथील गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट कित्येक वर्षे पडून होते. त्याची नोंद होती, ते हलवावे अशी पत्रेही लिहिली गेली होती, परंतु कोणीच ते हलविले नाही. ४ ऑगस्ट २०२० रोजी ते उडाले, दोनशेहून अधिक माणसे मेली आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. कागद पुढे सरकला आणि माल जागीच राहिला, तर तो कागद केवळ पश्चातबुद्धीच्या चौकशीत पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

नाकाच विकला गेला तर काय होते, हे मुंबईने १९९३ मध्ये पाहिले. फेब्रुवारीत रायगड जिल्ह्याच्या शेखाडी किनाऱ्यावर आरडीएक्स उतरविण्यात आले. तो माल मुंबईत पोचला, कारण सीमाशुल्क खात्यातील आणि पोलिसांतील काही अंमलदारांनी लाच घेऊन वाट मोकळी केली. पुढे न्यायालयाने त्यांच्यापैकी अनेकांना शिक्षा ठोठावल्या. १२ मार्च रोजी दुपारी शहरात एकापाठोपाठ बारा स्फोट झाले आणि २५७ माणसे प्राणास मुकली. पहिला स्फोट शेअर बाजाराच्या मनोऱ्याच्या तळघरात, मोटारी ठेवण्याच्या जागी झाला. गावानने पाच शतकांपूर्वी जे भुयार खणून साधले, ते येथे तळघराच्या उघड्या उताराने एका मोटारीला क्षणात साधले: दारू वास्तूच्या पायाशी पोचली. तो मनोरा उभा राहिला, परंतु त्याच्या आतबाहेरील कित्येकांचे प्राण वाचले नाहीत. मोठ्या इमारतींच्या तळघरांत परक्या वाहनांना मज्जाव करण्याची आणि प्रवेशद्वारी वाहनाचा तळ व सामानाची पेटी तपासण्याची रीत त्यानंतर मुंबईत रुजली, ती या अनुभवातून. तथापि त्या दिवशीचा खरा पराभव शेअर बाजारापाशी झालाच नव्हता. तो आठवडे आधी कोकणाच्या किनाऱ्यावर आणि तेथून मुंबईकडे येणाऱ्या वाटेवरील नाक्यांवर झाला होता.

शोध आणि बांधणी

अंतर, विलगता आणि हिशेब यांना चुकवून जे जवळ येते, त्याचा शोध घेण्याची साधने अलीकडच्या काळात पुष्कळ सुधारली आहेत. क्ष-किरणांचे यंत्र सामानातील वस्तूंची घनता आणि त्यांतील मूलद्रव्यांचा प्रकार यांवरून संशयास्पद भाग निराळ्या रंगात दाखविते. सामानावरून किंवा हातांवरून फडके फिरवून त्यावरील सूक्ष्म कण ओळखणारी यंत्रे विमानतळांवर असतात. पुण्यातील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने रसायनांचे थेंब टाकताच रंगबदलाने स्फोटक ओळखणारी छोटी संचपेटी तयार केली असून ती पोलिसांना हाताशी बाळगता येते. १९८८ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधील लॉकर्बी गावावर एक प्रवासी विमान स्फोटाने कोसळले, त्यानंतर १९९१ मध्ये माँट्रिऑल येथे राष्ट्रांनी असा करार केला की, लवचीक (प्लास्टिक) स्फोटके बनविताना त्यांत शोधयंत्रांना ओळखू येईल असे द्रव्य मिसळलेच पाहिजे. कुत्र्याचे नाक मात्र अनेक बाबतींत या यंत्रांहून अजूनही वरचढ आहे. १९९३ नंतर मुंबई पोलिसांच्या श्वानपथकातील जंजीर या कुत्र्याने दडविलेल्या स्फोटकांचे साठे हुंगून काढले, आणि त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले.

बांधणीच्या शास्त्रानेही एक महत्त्वाची गोष्ट शिकविली आहे. इमारत कोसळते अशा स्फोटात माणसे जितकी आघाततरंगाने मरतात, त्याहून अधिक त्या इमारतीखाली मरतात. लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीच्या अठराव्या मजल्यावर १९६८ मध्ये एका घरात गॅसचा स्फोट झाला. तो लहानच होता, पण एक भिंत निसटताच त्या कोपऱ्यातले वरचे आणि खालचे मजले पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे एकावर एक आले. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे १९९५ मध्ये सरकारी इमारतीसमोर वाहनातील स्फोटाने काही खांब तुटताच इमारतीचा मोठा भाग खचला आणि १६८ जण ठार झाले. अशा अनुभवांतून स्थापत्यशास्त्रज्ञ असे मानू लागले की, एक खांब गेला तरी त्याचा भार शेजारच्या खांबांनी उचलावा अशीच रचना केली पाहिजे. सळ्यांची जोडणी अखंड आणि लवचीक ठेवणे, काचेवर तिचे तुकडे धरून ठेवणारा पातळ पडदा चिकटविणे, या उपायांचा खर्च इमारत बांधतानाच केला तर तुलनेने थोडा येतो, आणि मागाहून करू गेले तर फार.

पूल पडला तरी वाट राहावी

चौथे साधन पर्याय. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीसाठी निघालेली १७ वी पायदळ डिव्हिजन बेळगावाकडूनच पुढे सरकली, आणि मराठ्यांची २ पॅरा पलटण फोंड्याकडे गेली. पोर्तुगीजांनी माघार घेताना डिचोली, असनोडा, शापोरा, बाणस्तारी, बोरी येथील पूल स्वतःच्या हाताने सुरुंग लावून उडविले. त्यांचा हेतू भारतीय फौजेला अडवून वेळ मिळविण्याचा होता. ती थोडी अडखळली, इतकेच. नद्या होड्यांनी, उथळ जागी पाण्यातून चालत, मिळेल त्या साधनाने ओलांडल्या गेल्या आणि १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हसालो ई सिल्वा याने शरणागती पत्करली. यातून संरक्षकाने घ्यावयाचा धडा उलट्या बाजूने मिळतो. ज्या प्रदेशाकडे नदी ओलांडण्याचे दुसरे साधन आहे, त्याला पूल पडल्याने क्लेश होतात, परंतु त्याचे जीवन थांबत नाही. गोव्याच्या जनतेला मात्र त्या पुलांची उणीव पुढे कित्येक दिवस सोसावी लागली. शहराच्या पाण्याला दोन स्रोत असणे, वीजवाहिनीला दुसरी वाट असणे, रुग्णालयाकडे स्वतःचे जनित्र असणे, यांना सुरक्षेचे उपाय असे कोणी म्हणत नाही. वस्तुतः ते सर्वांत शांत आणि सर्वांत खात्रीचे उपाय आहेत, कारण ज्या स्थळाच्या नाशाने काहीच थांबत नाही, त्या स्थळावर घाव घालण्यात घातपात्याला फारसे स्वारस्य उरत नाही. राकसकोपखेरीज हिडकल जलाशयाचे पाणीही बेळगावला मिळते, ही गोष्ट या दृष्टीने तटाच्या एखाद्या बुरुजाइतकी मोलाची समजली पाहिजे.

सीमेवरील जागरूकता

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असून सांब्र्याचे विमानतळ दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये बांधले गेले. पुणे-बंगळूर महामार्ग आणि मिरजेहून लोंढ्याकडे जाणारा लोहमार्ग हे दोन्ही याच मुलखातून जातात. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या अशा मुलखात दोन राज्यांची पोलीस ठाणी, दोन राज्यांचे अग्निशमन बंब आणि दोन राज्यांची महसुली दफ्तरे एकमेकांना लागून काम करतात, आणि निपाणीजवळ कोगनोळीच्या नाक्यावरून जाणारे वाहन एका क्षणात एका अंमलातून दुसऱ्यात प्रवेश करते. स्फोटकांचे परवाने केंद्राच्या एकाच नियमावलीखाली येतात, ही सोयीची गोष्ट आहे. परंतु खाणीतून पेटी गहाळ झाल्याची खबर एका बाजूच्या ठाण्यातून दुसऱ्या बाजूच्या ठाण्यास त्याच दिवशी पोचते की महिन्याने, हे नियमावली ठरवीत नाही. ते दोन्हीकडच्या अंमलदारांचा नित्याचा संपर्क आणि वर्षातून काही वेळा एकत्र केलेली तालीम यांवर अवलंबून असते.

या साखळीतील सर्वांत खालची कडी पगाराने लहान आणि जबाबदारीने मोठी असते. लोहमार्गावर चावीवाला हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतील रूळ रोज पायी तपासतो; निसटलेली चावी ठोकतो, आणि कोठे माती उकरलेली किंवा परकी वस्तू ठेवलेली दिसली तर गाडी थांबवितो. गंमत अशी की, गाडी थांबविण्यासाठी त्याच्याजवळ असलेले एक साधन स्वतःच स्फोटक असते. रुळावर बसविलेला फटाका सिग्नल इंजिनाच्या चाकाखाली फुटतो आणि चालकाला सावध करतो. रुंदमापी मार्गावर धोक्याच्या जागेपासून ६०० मीटरांवर एक, आणि १,२०० मीटरांवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन, असे ते लावण्याचा नियम आहे. येथेही अंतरच मोजलेले आहे, कारण धावत्या गाडीला थांबण्यास तेवढी जागा लागते.

नागरिकाकडून अपेक्षा थोडी आहे, पण ती नेमकी आहे. बेवारस पेटी, पिशवी किंवा डबा दिसला तर त्याला हात लावू नये, तो हलवू नये, त्यावर पाणी टाकू नये. स्वतः दूर व्हावे, इतरांस दूर करावे, दूर गेल्यावरच दूरध्वनी वापरावा आणि ११२ क्रमांकावर किंवा जवळच्या ठाण्यात खबर द्यावी. पुढचे काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचे आहे. खबर खोटी ठरली म्हणून कोणी हसू नये, कारण दहा निरुपद्रवी पिशव्यांची खबर देणारे गावच अकरावीची खबर वेळेवर देते. याच्या उलट, प्रत्येक अनोळखी चेहऱ्यावर संशय घेणारे गाव काही दिवसांतच दमते, आणि दमलेला पहारा हा पहारा नसल्यासारखाच असतो. वस्तूंवर नजर असावी. माणसांशी बोलणे असावे. खाणीवरच्या मजुराला, गोदामाच्या रखवालदाराला, धरणाच्या चौकीदाराला ज्या गावात नावाने ओळखतात, तेथे काही विपरीत घडू लागले तर ते प्रथम त्यांच्याच कानावर येते आणि त्यांच्याकडून गावाच्या.

या चारही साधनांपैकी अंतराला जमीन लागते, विलगतेला जागा आणि बांधकाम लागते, पर्यायाला पैसा लागतो. हिशेबाला यांपैकी फारसे काही लागत नाही; वही, लेखणी आणि लाच न घेणारा हात एवढे त्याला पुरते. अंदाजपत्रकात मात्र हिशेबाचा क्रम पुष्कळदा शेवटी लागतो: भिंतीसाठी आणि यंत्रांसाठी रक्कम प्रथम मंजूर होते, आणि खाणींची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांची रिकामी पदे वर्षानुवर्षे तशीच राहतात. फोर्ट स्टिकिनच्या कप्प्यांत काय भरले आहे, हे कागदावर लिहिलेले होते. शेखाडीला काय उतरले, हे नाक्यावरच्या माणसांना ठाऊक होते. मर्मस्थानांच्या रक्षणासाठी खर्चावयाचा पहिला रुपया तपासनिसाच्या पगारावर आणि त्याच्या स्वातंत्र्यावर खर्चावा, आणि शेवटचा भिंतीवर. हा क्रम जो तालुका, जो जिल्हा, जे राज्य पाळील, त्याला उंच भिंतींची गरजही कमी लागेल.